पोहरा मोजला, आड मोजायचा राहिला

एखाद्या शिवारातील कूपनलिका दीडशे फुटांवर कोरडी पडते. शेतकरी ती तीनशे फुटांपर्यंत खोल करून घेतो, अधिक अश्वशक्तीचा पाणबुडी पंप बसवतो, नवे पाइप व केबल आणतो आणि या सर्वांसाठी कर्ज काढतो. खोदाई यंत्राच्या मालकाला भाडे मिळते, पंपाच्या कारखान्याचा खप वाढतो, वीज अधिक लागते, बँकेला व्याज मिळते. राष्ट्रीय उत्पन्नाच्या हिशेबात यांतील प्रत्येक व्यवहाराची भर पडते. शेतातील पीक मात्र तेच असते, उत्पादन तेवढेच असते आणि जमिनीखालचा साठा पूर्वीपेक्षा कमी झालेला असतो. त्या घटलेल्या साठ्याची वजाबाकी कोणत्याच रकान्यात होत नाही.

आता दुसरे गाव पाहावे. तेथे रोजगार हमीच्या मजुरांनी माथ्यापासून पायथ्यापर्यंत समतल चर खोदले, नाल्यावर बांध घातले, पडीक उतारावर झाडे लावली. दोन-तीन पावसाळ्यांनंतर विहिरींची पातळी वर आली, पंप कमी खोलीवरून चालू लागले, विजेचा वापर घटला, नव्या कूपनलिकेची गरज उरली नाही. झालेल्या मातीकामाची नोंद बांधकाम म्हणून कोठेतरी होते. पण जमिनीत मुरलेल्या पाण्याला हिशेबात स्थान नाही, आणि वाचलेली वीज व न खोदलेली कूपनलिका हे तर न झालेले व्यवहारच होत. शिवाय त्या मजुरीचा उल्लेख अर्थसंकल्पावरील चर्चेत ‘कल्याणकारी खर्चाचा बोजा’ असा होतो.

वाढीचा आकडा शेतीला दोन वेळा फसवतो, तो असा. मुद्दल खर्च होत असताना तो त्याला उत्पन्न म्हणतो, आणि मुद्दल वाढत असताना त्याला खर्च म्हणतो. घरातील बियाणे दळून खाल्ले आणि वर्षाचे धान्य वाढले असे सांगितले, तर कोणताही शेतकरी सांगणाऱ्याकडे संशयाने पाहील. देशाच्या पातळीवर हाच प्रकार सहज खपून जातो.

धोरणकर्त्यांच्या बोलण्यात एक क्रम ठरून गेला आहे: आधी आर्थिक वाढ, तिच्यातून कर, करांतून कल्याणकारी योजना, आणि जे उरेल त्यातून निसर्गाची डागडुजी. हा क्रम पूर्णपणे खोटा आहे असे नव्हे. वाढीशिवाय तिजोरीत पैसा येत नाही, आणि शेतीवरचा माणसांचा भार कमी होण्यासाठी इतर क्षेत्रे वाढावीच लागतात. चूक आहे ती कल्याणकारी धोरणाला रांगेत दुसरे आणि निसर्गाला तिसरे स्थान देण्यात. भारतात कोणते पीक किती क्षेत्रावर घेतले जाईल आणि त्यासाठी किती पाणी उपसले जाईल, हे ठरवणाऱ्या शक्तींमध्ये कल्याणकारी धोरणेच अग्रभागी आहेत. रेशनवर कोणते धान्य मिळते, शेतीपंपाची वीज कोणत्या दराने मिळते, हमीभावाने खरेदी कोणत्या पिकाची होते आणि रोजगाराच्या योजनेतून कोणती कामे निघतात, या चार प्रश्नांची उत्तरे ज्या कागदांवर लिहिली जातात, त्याच कागदांवर देशाच्या माती-पाण्याचे भवितव्यही लिहिले जाते.

या सदोष मोजमापाबद्दल सावधगिरीचा इशारा नवा नाही. राष्ट्रीय उत्पन्न मोजण्याची आधुनिक पद्धत बसवणाऱ्या सायमन कुझ्नेट्स यांनीच १९३४ मध्ये अमेरिकी काँग्रेसला सादर केलेल्या अहवालात, या आकड्यावरून राष्ट्राच्या कल्याणाचा अंदाज बांधता येणार नाही, अशा अर्थाची कानउघाडणी केली होती. वर्ध्याच्या मगनवाडीतून ग्रामोद्योगांचे काम करणाऱ्या जे. सी. कुमारप्पा यांनी १९४० च्या दशकात टिकाऊ अर्थव्यवस्थेची मांडणी करताना निसर्गाची साठवण उपसून चालणारा व्यवहार आणि निसर्गाच्या चक्रात राहून चालणारा व्यवहार यांत भेद केला. अलीकडे, पार्थ दासगुप्ता यांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञगटाने २०१३ मध्ये भारतासाठी हरित राष्ट्रीय लेख्यांचा आराखडा दिला, आणि संयुक्त राष्ट्रांच्या सांख्यिकी आयोगाने २०२५ मध्ये स्वीकारलेल्या नव्या लेखापद्धतीत नैसर्गिक संसाधनांची झीज हा उत्पादनाचा खर्च मानण्याची तरतूद झाली. तिचे प्रतिबिंब देशोदेशीच्या आकडेवारीत उमटायला वर्षे लागतील. शेतातील आड तोवर थांबणार नाही.

या सदोष हिशेबाची किंमत सर्वांत स्पष्ट दिसते ती पंजाबात. १९६०-६१ मध्ये त्या राज्यात भाताखालील क्षेत्र सव्वादोन लाख हेक्टरांच्या आसपास होते. आज ते ३० लाख हेक्टरांहून अधिक आहे. भात हे पंजाबी माणसाचे मुख्य अन्न कधीच नव्हते. देशाला धान्य हवे होते, त्यासाठी हमीभाव आणि खात्रीची सरकारी खरेदी उभी राहिली, आणि १९९७ पासून, मधला थोडा काळ वगळता, शेतीपंपांना मोफत वीज मिळत आली. देशाची भूक भागवण्यात पंजाबच्या शेतकऱ्याचा वाटा निर्विवाद आहे. पण केंद्रीय भूजल मंडळाच्या मूल्यमापनानुसार त्या राज्यातील वार्षिक भूजल उपसा हा उपसायोग्य भूजलाच्या दीडपटीहून अधिक आहे. दरवर्षी जेवढे उपसण्याजोगे असते त्याहून पन्नास टक्क्यांपेक्षा जास्त पाणी बाहेर काढले जाते, आणि त्या पाण्यावर पिकलेला भात राज्याच्या उत्पन्नात संपूर्ण रकमेने जमा होतो.

इशारे येथेही मिळाले होते. डॉ. एम. एस. स्वामीनाथन यांनी हरितक्रांतीच्या ऐन उमेदीत, जानेवारी १९६८ मध्ये, भूजलाचा बेसुमार उपसा आणि जमिनीची सुपीकता न राखता केलेली सघन शेती यांचे धोके सांगितले होते. १९८६ मध्ये सरदारा सिंग जोहल यांच्या समितीने गहू-भाताखालील काही क्षेत्र अन्य पिकांकडे वळवण्याची शिफारस केली. चार दशके होत आली. शेतकऱ्याने ते ऐकले नाही, असे म्हणणे सोपे असले तरी अन्यायाचे आहे. मक्याला हमीभाव जाहीर होतो, पण खरेदी केंद्रावर मका घेणारा सापडेलच याची शाश्वती नसते. भाताला ती असते. वीज मोफत असल्यामुळे पाण्याची टंचाई शेतकऱ्याच्या खर्चाच्या वहीत पूर्णांशाने उतरत नाही. अशा स्थितीत भात लावणारा शेतकरी हिशेबाने वागत असतो. हिशेबाची चौकटच चुकलेली आहे.

चौकट न बदलता एकेका दोषावर उपाय केला की काय होते, याचा धडाही पंजाबनेच दिला. भूजल वाचवण्यासाठी २००९ मध्ये कायदा झाला आणि १० जूनपूर्वी भाताची लावणी करण्यास बंदी आली. कडक उन्हाळ्यात होणारे बाष्पीभवन टाळण्याचा हेतू योग्यच होता. पण लावणी पुढे सरकली तशी कापणीही सरकली, आणि भाताची कापणी व गव्हाची पेरणी यांमधील अवधी फारच आखूड झाला. कापणी यंत्राने मागे ठेवलेला पेंढा काढायला वेळ उरेना. मग काडी ओढणे आले. त्याच दिवसांत वारा मंदावतो आणि धूर उत्तर भारताच्या मैदानावर साचून राहतो. पाण्याचा प्रश्न हवेत गेला. पुढे पेंढा जमिनीत गाडणाऱ्या यंत्रांवर अनुदान आले, म्हणजे वाढीच्या आकड्यात आणखी एका खरेदीची भर पडली.

याच राज्यात २०२० साली एक वेगळी गोष्ट घडली. टाळेबंदीमुळे बिहार व उत्तर प्रदेशातील लावणी मजूर परतले नाहीत, आणि मजुरांअभावी शेतकऱ्यांनी सुमारे ५ लाख हेक्टरांवर भाताची थेट पेरणी केली. अनेक वर्षांच्या प्रात्यक्षिकांनी जे साधले नव्हते ते एका हंगामात झाले. पण मजूर परतले, तणांचा त्रास जाणवला, आणि पुढील वर्षांत हे क्षेत्र पुन्हा घसरले. एकरी १,५०० रुपयांचे प्रोत्साहनही ते तितके टिकवू शकले नाही. मजुरीची टंचाई शेतकऱ्याला तत्काळ भिडते, पाण्याची भिडत नाही. कारण पहिलीची किंमत तो रोख मोजतो आणि दुसरीची किंमत त्याच्या मुलाच्या नावावर चढत जाते.

हरित पुनरुभारणी हा शब्द जगभर रूढ झाला तोही याच काळात. २०२० च्या एप्रिल ते जून या तिमाहीत भारताची अर्थव्यवस्था सुमारे २४ टक्क्यांनी आकुंचन पावली, तर शेती व संलग्न क्षेत्र ३ टक्क्यांहून अधिक वाढले. शेतीने देश तारला, असे तेव्हा म्हटले गेले आणि त्यात तथ्यही होते. मात्र त्या वाढीत व्याज किती आणि मुद्दल किती, हा प्रश्न फारसा कोणी विचारला नाही. अन्य देश विजेवर चालणारी वाहने आणि पवनचक्क्या यांच्या योजना आखत असताना भारताच्या हाती हरित पुनरुभारणीचे एक मोठे साधन आधीपासूनच होते. २००५ च्या ग्रामीण रोजगार हमी कायद्याखालील नियमांत जिल्ह्यातील किमान ६० टक्के खर्च जमीन, पाणी आणि वृक्ष यांच्या विकासातून शेतीशी थेट निगडित मत्ता उभी करण्यावर व्हावा, अशी तरतूद होती. शहरांतून परतलेल्या कुटुंबांनी याच योजनेचा आधार घेतला. २०२०-२१ मध्ये सुमारे ३८९ कोटी मनुष्यदिवस काम झाले. एवढ्या श्रमातून किती पाणी मुरले, किती माती वाहून जायची थांबली, याचा राष्ट्रीय ताळेबंद मात्र मांडला गेला नाही. किती मनुष्यदिवस आणि किती कोटी रुपये, एवढेच मोजले गेले. कायद्याचे नाव बदलेल, दिवसांची संख्या बदलेल, केंद्र व राज्य यांच्या वाट्याचे प्रमाणही बदलेल. मोजण्याची ही सवय जोवर तशीच आहे तोवर फरक थोडाच पडेल.

रोजगार हमीचे मूळ ज्या महाराष्ट्रात आहे तेथील इतिहास या बाबतीत बोलका आहे. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून १९६५ मध्ये सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात या योजनेचा पहिला प्रयोग झाला. १९७२-७३ च्या दुष्काळात कामांवरील मजुरांची संख्या शिखराच्या महिन्यात सुमारे ५० लाखांवर पोहोचली. त्या कामांनी माणसे जगवली, हे त्यांचे मोठेपण. पण कित्येक ठिकाणी खडी फोडण्याचे ढीग पडून राहिले आणि अर्धवट रस्ते पुढच्या पावसात वाहून गेले, हेही त्या पिढीने पाहिले. पुढे १९७७ मध्ये कायदा झाला आणि खर्चासाठी व्यवसाय कराचा आधार घेतला गेला. मुंबईतील नोकरदाराच्या पगारातून कापलेला पैसा मराठवाड्यातील पाझर तलावाला लागला, ही गोष्ट आज फारशी आठवली जात नाही. वाढीतून कल्याणाला पैसा मिळतो, या विधानाचा याहून सरळ पुरावा शोधावा लागणार नाही. त्याच पैशातून शहरांना धान्य, दूध आणि भाजी पुरवणाऱ्या शिवाराची पाणीधारणा वाढली, ही मात्र त्या विधानाची सहसा न सांगितली जाणारी दुसरी बाजू.

या योजनेचा शेतीच्या दृष्टीने विशेष उल्लेखनीय टप्पा आला तो १९९० मध्ये. रोजगार हमीची सांगड फळबाग लागवडीशी घालण्यात आली आणि शेतकऱ्याच्या स्वतःच्या पडीक वा हलक्या जमिनीवर आंबा, काजू, बोर, सीताफळ, डाळिंब यांच्या बागा उभ्या राहू लागल्या. कोकणातील कातळाजवळच्या उतारांवरील काजू आणि अवर्षणप्रवण भागातील बोर-सीताफळ यांच्या प्रसारात या योजनेचा वाटा मोठा आहे. तिच्या रचनेतील एक बारकावा आजही अभ्यासण्यासारखा आहे. अनुदान एकदम न देता तीन वर्षांत विभागून दिले जाई आणि पुढील हप्ता झाडे जगण्याच्या प्रमाणाशी जोडलेला असे. खड्डे किती खणले, रोपे किती वाटली यांवर पैसे संपत नसत. कृषी सहायकाला बागेत जाऊन जिवंत झाडे मोजावी लागत. काही ठिकाणी ही मोजणी कागदावर झाली, हे खरे. परंतु कल्याणकारी खर्चाचे मोजमाप खर्चाच्या टोकाला न करता मत्तेच्या टोकाला करता येते, आणि तेही साध्या शासकीय यंत्रणेकडून, हे या योजनेने दाखवून दिले.

याच्या उलट उदाहरणही महाराष्ट्रातलेच. शेततळे ही मुळात पावसाचे वाहते पाणी अडवून संरक्षित सिंचन देण्याची व्यवस्था. दुष्काळी भागात तिला अनुदान मिळाले, उद्दिष्टे ठरली आणि शेततळ्यांची संख्या हे यशाचे माप बनले. अनेक ठिकाणी मग प्लास्टिकचा कागद अंथरलेली मोठी तळी झाली आणि पावसाळ्यात व हिवाळ्यात विहिरी-कूपनलिकांतून उपसलेले पाणी त्यांत भरून उन्हाळ्यात फळबागांना देणे सुरू झाले. जमिनीखाली सर्वांच्या वाट्याचे असलेले पाणी एकाच्या ताब्यात उघड्यावर आले आणि त्यातील बराच भाग उन्हात उडून गेला. ज्याने तळे केले त्याची बाग वाचली. त्याचा निर्णय चुकीचा म्हणता येत नाही. शेजारच्या उथळ विहिरीचा मालक मात्र फेब्रुवारीतच टँकरची वाट पाहू लागला. अहवालात दोन्ही प्रकारची शेततळी ‘जलसंधारणाची कामे’ या एकाच रकान्यात मोजली जातात.

सौर कृषिपंपांच्या बाबतीत याची पुनरावृत्ती होण्याचा धोका आहे. डिझेलचा धूर थांबतो, दिवसा पाणी देता येते, रात्रीच्या अंधारात सर्पदंशाच्या भीतीने मोटार सुरू करायला जावे लागत नाही. हे लाभ खरे आहेत आणि मोठे आहेत. पण एकदा पंप बसल्यावर सूर्यप्रकाशाला बिल येत नाही, आणि जेथे मोफत विजेने साठा उपसला गेला तेथे मोफत उन्हाने तो अधिक उपसला जाणार नाही, याची हमी कशातच नाही. हरित या विशेषणाने पाणी वाचत नाही. गुजरातच्या खेडा जिल्ह्यातील ढुंडी गावी शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थेने २०१६ पासून सौरपंपांवरील जादा वीज वितरण कंपनीला विकण्याचा प्रयोग केला. विजेला विक्रीची किंमत आली की उपशालाही किंमत येते: आज अनावश्यक पाणी द्यावे की तेवढी वीज विकावी, असा विचार शेतकरी करू शकतो. पंजाबने २०१८ मध्ये सुरू केलेली, वाचवलेल्या प्रत्येक युनिटमागे ४ रुपये देणारी योजना याच विचाराची होती. कल्याण काढून घेण्याची गरज नसते. तीच रक्कम उपशाऐवजी बचतीच्या बाजूने ठेवता येते.

आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार, हे मराठी माणसाला कोणी नव्याने सांगायला नको. आड मोजायचा कसा, एवढाच प्रश्न आहे. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारने त्याचे व्यवहारी उत्तर दिले आहे. १९८९ च्या सुमारास पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली गावाने रोजगार हमी, वनीकरण आणि आदर्श गाव योजना यांचा पैसा एकत्र गुंफून पाणलोटाची कामे केली. अशी कामे इतरत्रही झाली. या गावाचे वेगळेपण कामे संपल्यानंतरच्या शिस्तीत आहे. सिंचनासाठी कूपनलिका नाहीत, ऊस व केळी नाहीत, आणि दरवर्षी पाऊस मोजून ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडला जातो. आधी माणसे व जनावरे यांचे पिण्याचे पाणी, मग उरलेल्या पाण्यात बसतील तेवढी पिके. पाऊस कमी झाला की रब्बीचे क्षेत्र कमी. त्या वर्षी गावाचे उत्पन्न घटलेले दिसेल. वाढीच्या आकड्यावर नजर ठेवणाऱ्याला ती पीछेहाट वाटेल. ग्रामसभेच्या दृष्टीने मुद्दल शाबूत राहिलेले असते.

प्रत्येक गावाला असे नेतृत्व लाभत नाही, हा आक्षेप रास्त आहे. म्हणूनच केंद्राच्या अटल भूजल योजनेचे महत्त्व. महाराष्ट्र, गुजरात, राजस्थान, हरियाणा, कर्नाटक, मध्य प्रदेश व उत्तर प्रदेश या सात राज्यांत तिने ग्रामपंचायतींकडून पाण्याचे अंदाजपत्रक करून घेण्याची आणि निधीचा काही भाग परिणामांशी जोडण्याची पद्धत आणली. ज्या राज्याची भूजल स्थिती देशात सर्वांत बिकट, ते पंजाब या सात राज्यांत नव्हते, याची येथे नोंद करावीशी वाटते.

गावाच्या शिस्तीला बाजाराची साथ मिळाली नाही तर ती फार काळ टिकत नाही, आणि येथे पुन्हा कल्याणकारी धोरणाचाच प्रश्न येतो. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात तांदूळ व गहू यांच्याबरोबर भरड धान्यांचाही स्पष्ट उल्लेख आहे. प्रत्यक्षात देशाच्या बहुतेक भागांत रेशनच्या पिशवीत तांदूळ आणि गहूच जातो. ओडिशाने २०१७ मध्ये सुरू केलेल्या मिलेट मिशनने निराळी वाट धरली. आदिवासीबहुल जिल्ह्यांत नाचणीचे बियाणे, लागवडीचे मार्गदर्शन आणि महिला गटांकडे प्रक्रिया-यंत्रे देण्यावरच हे अभियान थांबले नाही. नाचणीची हमीभावाने खरेदी झाली, ती रेशनवर गेली आणि काही जिल्ह्यांत अंगणवाडीतील बालकांना नाचणीचे लाडू मिळू लागले. एकाच खर्चातून डोंगराळ जमिनीवरील कोरडवाहू शेतकऱ्याला ग्राहक, बालकाला चुना व लोह, आणि पाण्याला विसावा मिळाला. २०२५-२६ साठी नाचणीचा हमीभाव क्विंटलला ४,८८६ रुपये आणि साधारण भाताचा २,३६९ रुपये आहे. भाव दुपटीहून अधिक असूनही देशात नाचणीचे क्षेत्र झेपावत नाही, कारण ओडिशासारखी खरेदी सर्वत्र नाही. जाहीर झालेला भाव आणि हातात पडलेला भाव यांतले अंतर शेतकऱ्याला धोरणपत्रिकेपेक्षा अधिक चांगले कळते.

विस्तार यंत्रणेचा या साऱ्यात वाटा काय, असा प्रश्न उरतो. आजवर विस्तार कार्यकर्त्याचे यश हेक्टरी उत्पादनाने मोजले गेले, आणि टंचाईच्या काळात ते योग्यही होते. पण प्रात्यक्षिकाच्या फलकावर वाण, बियाण्याचे प्रमाण, खतांच्या मात्रा आणि उत्पादन लिहिले जात असताना त्या उत्पादनासाठी किती पाणी दिले हे क्वचितच लिहिले जाते. एका किलो भाताला काही हजार लिटर पाणी लागते, हे प्रशिक्षणात सांगितले जाते. शेजारी उभ्या असलेल्या प्लॉटला किती लागले, हे कोणी विचारत नाही. प्रगतशील शेतकरी हा किताबही बहुतांशी विक्रमी उत्पादनालाच मिळतो. तीन पावसाळ्यांत आपल्या विहिरीची उन्हाळी पातळी खाली जाऊ न देता तेवढेच उत्पन्न घेणारा, जमिनीतील सेंद्रिय कर्ब किंचित का होईना वाढवणारा शेतकरी स्पर्धेच्या मंचावर दिसत नाही, कारण परीक्षकांच्या तक्त्यात त्यासाठी रकाना नाही.

मोठ्या लेखापद्धती बदलायला वेळ लागेल. परीक्षकांचा तक्ता बदलायला नाही. ज्या गावात माती परीक्षण होते तेथे दर तीन वर्षांनी त्याच शेतातील कर्बाचा आकडा मागील आकड्याशेजारी मांडता येतो. ज्या जिल्ह्यात फळबागेचे किंवा पाणलोटाचे काम रोजगाराच्या योजनेतून झाले, तेथे तिसऱ्या वर्षी जिवंत झाडे व भरलेल्या विहिरी यांची मोजणी करून ती ग्रामसभेत वाचता येते. पुढील वर्षाचा आराखडा करताना मग कोणते काम पुन्हा घ्यावे आणि कोणते सोडावे हे वादावर सोडावे लागत नाही. विद्यापीठांच्या आणि कृषी विज्ञान केंद्रांच्या शिफारशींत हेक्टरी क्विंटलबरोबर घनमीटरमागे किलो हा आकडा छापता येतो. यांपैकी कशालाच नवा कायदा नको आणि फारसा निधीही नको.

पीक कापणी प्रयोग तर गावोगावी दर हंगामात होतातच. ठरलेल्या आकाराचा प्लॉट आखला जातो, पीक कापले जाते, वजन होते, पंचांच्या सह्या होतात. त्याच दिवशी, त्याच पंचांसमक्ष, प्लॉटला पाणी देणाऱ्या विहिरीत दोरी सोडून पातळी मोजावी आणि ती वजनाच्या शेजारी लिहावी. गेल्या वर्षीची पातळी त्याच पानावर, वरच्या ओळीत असावी.